आधी पावतीपुस्तक, मग झोळी: नाशिकमध्ये निवडणुकीसाठी लोकवर्गणी कशी उभी करावी

आचारसंहिता लागायच्या आधी आमच्या शाखेत तीन बैठका होतात. पहिली तिकीट कोणाला यावर, दुसरी बॅनरवर कोणाचा फोटो केवढा यावर आणि तिसरी, रात्री साडेदहाला निम्मी माणसं उठून गेल्यावर, ‘पैशाचं काय’ यावर. मग कोणीतरी म्हणतं, “बघू, होईल काहीतरी.” ते काहीतरी शेवटी एखाद्या बिल्डरच्या केबिनमध्ये होतं. एकदा तिथून झालं की पुढची पाच वर्षं शाखा कोणाची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी नाशिकमध्ये एका छोट्या पक्षाचा खजिनदार म्हणून तीन निवडणुका काढल्या. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण इथली पद्धत कोणत्याही झेंड्याखाली चालेल. आमच्या रकमा ऐकून मोठे पक्ष हसतील. पण जमलेल्या प्रत्येक रुपयाची स्थळप्रत, म्हणजे पावतीची आपल्याकडं राहणारी प्रत, माझ्या कपाटात आहे आणि ती कोणीही मागितली तरी मला घाम फुटत नाही.

नाशिककराला वर्गणी नवी नाही. गणपती, नवरात्र, शिवजयंती, भीमजयंती, गल्लीतला भंडारा... वर्षाला पाच-सहा पावत्या प्रत्येक घरात फाटतात. जो माणूस मंडळाला हसत ५०१ देतो, तोच पक्षाचं नाव काढलं की म्हणतो, “तुम्हाला काय तोटा आहे पैशाला?” त्याचं चुकत नाही. मंडळाचा मांडव त्याला दिसतो, आरतीला तो स्वतः उभा असतो. पक्षाचा पैसा कुठं गेला ते त्याला कधीच दिसलेलं नसतं. ते दाखवायची तयारी असेल तरच दारात जा.

लहान रकमेची लाज वाटायचं कारण नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. १९२१ मध्ये काँग्रेसनं टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटीचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा मोठ्या रकमांबरोबर बायकांच्या अंगावरचे दागिनेही त्यात आले. ती परंपरा आपलीच आहे. मध्येच कुठंतरी तिची पावती हरवली.

पैसा कोणाच्या नावावर येणार, ते आधी ठरवा

पक्षाचा निधी आणि उमेदवाराचा निधी ही दोन वेगळी भांडी आहेत. बहुतेक घोटाळे एकातलं दुसऱ्यात ओतल्यानं होतात.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या २९ब कलमानुसार देणगी घेण्याचा अधिकार नोंदणीकृत पक्षाला आहे. तुमच्या कोपऱ्यावरच्या शाखेला कायद्याच्या डोळ्यांनी वेगळं अस्तित्व नाही. म्हणून पावतीपुस्तकं स्थानिक छापखान्यातून छापून आणायचा उत्साह आवरा. प्रदेश कार्यालयाकडून तीन गोष्टी लेखी मागवा: निधी गोळा करण्याचं अधिकारपत्र, क्रमांक छापलेली पुस्तकं आणि पैसे भरायच्या बँक खात्याचा तपशील. काही पक्ष जिल्ह्याला स्वतंत्र खातं वापरू देतात. काही सगळा पैसा मुंबईच्या खात्यात मागवतात आणि हिस्सा नंतर परत पाठवतात. दुसरा प्रकार असेल तर हिस्सा किती आणि किती दिवसांत, हेही लेखी घ्या. एका निवडणुकीत आमचा हिस्सा निकालानंतर अकराव्या दिवशी खात्यात जमा झाला. तोवर मांडववाल्याचे फोन मी बायकोला उचलायला लावत होतो.

उमेदवाराचं भांडं वेगळं. लोकसभा-विधानसभेला अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी त्यानं निवडणुकीपुरतं स्वतंत्र बँक खातं उघडायचं आणि सगळा खर्च त्यातूनच करायचा. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख आहे आणि लोकसभेची ९५ लाख. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च यात धरतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. सबळ कारणाशिवाय तो चुकवला तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथल्या मर्यादा वेगळ्या असतात. दर वेळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून ताजा आदेश आणा, मागच्या वेळचा फोटो मोबाइलमध्ये आहे म्हणून त्यावर विसंबू नका.

पक्षानं उमेदवाराला पैसे द्यायचे असतील तर ते रेखांकित चेक, ड्राफ्ट किंवा बँक ट्रान्सफरनं. पिशवीतून नाही.

रोखीची रेघ

पक्षाला एका देणगीत २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख घेता येत नाही. त्यावरची रक्कम चेक, ड्राफ्ट किंवा ऑनलाइन. ही अट प्राप्तिकर कायद्यात २०१७ साली आली आणि ती मोडली तर धोका फक्त तुमच्या शाखेला नाही, साऱ्या पक्षाच्या करसवलतीला आहे. करनिर्धारण वर्ष २०१८-१९ साठी काँग्रेसला सुमारे १९९ कोटींच्या उत्पन्नावरची सवलत नाकारली गेली. विवरणपत्राला झालेला उशीर आणि २,००० वरच्या काही रोख देणग्या ही त्यामागची कारणं होती. एवढ्या मोठ्या पक्षाची ही गत, तर आपण कोण?

उमेदवाराच्या खात्यासाठी एका व्यक्तीकडून रोख घ्यायची किंवा एका व्यक्तीला रोख द्यायची मर्यादा आयोगानं १०,००० ठेवली आहे. दोन भांडी, दोन आकडे. कार्यकर्त्याच्या डोक्यात हे राहत नाही. म्हणून आमच्या शाखेचा नियम सोपा ठेवला: रोख असेल तर २,००० पर्यंत, मग ती कोणासाठीही असो.

इथं एक हुशार माणूस हमखास भेटतो. “आठ हजार आहेत, चार पावत्या कर ना दोन-दोन हजारांच्या, बायकोच्या नावानं, पोराच्या नावानं.” हात जोडून नाही म्हणायचं. आठ हजार देणाऱ्याकडं बँक खातं असतंच.

वर्षभरात एका देणगीदाराकडून २०,००० च्या वर रक्कम आली तर त्याचं नाव, पत्ता आणि पॅन प्रदेश खजिनदाराकडं पोचवा. पक्षाला अशा देणग्यांची यादी नमुना २४ए मध्ये निवडणूक आयोगाला द्यावी लागते आणि ती सर्वांना पाहायला खुली होते. देणाऱ्याला हे आधीच सांगा, नंतर त्याचा फोन येण्यापेक्षा बरं. निनावी मोठ्या देणगीसाठी निवडणूक रोखे होते, ते सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. तो रस्ता आता बंद आहे.

“टॅक्समध्ये सूट मिळेल का?” हा प्रश्न कॉलेज रोडवर तिसऱ्या घरात येतो. व्यक्तीनं नोंदणीकृत पक्षाला रोख सोडून दिलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून पूर्ण वजा होते, जुन्या कायद्यात ते ८०जीजीसी कलम होतं. पण ज्यानं नवी करप्रणाली निवडली आहे त्याला ही वजावट नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. त्यामुळं पत्रकावर कलम छापण्याआधी शाखेच्या सीएला एक फोन करा.

याच करसवलतीचा एक काळा धंदाही आहे. “पाच लाखांचा चेक देतो, कमिशन कापून बाकी रोख परत दे.” नावापुरत्या नोंदलेल्या पक्षांमार्फत हा खेळ चालला, प्राप्तिकर खात्यानं छापे टाकले, नोटिसा गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं ३३४ अमान्यताप्राप्त पक्ष यादीतून काढले. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवणं हे त्यामागचं एक कारण होतं. असा प्रस्ताव आणणारा माणूस ओळखीचा असला तरी चहा पाजून परत पाठवा.

आकडा मांडा, पण खरा

विधानसभेचा मतदारसंघ धरू. हिशेबाच्या सोयीसाठी ३०० बूथ. प्रत्येक बूथवर ४० घरं, घरटी २०० रुपये, म्हणजे २४ लाख. बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहिला की टाळ्या पडतात. आता विचारा, ३०० पैकी किती बूथवर आपला चालता-बोलता माणूस आहे? आमच्याकडं बोटांवर मोजून ९० निघाले. म्हणजे ७ लाख २० हजार. आणि त्यातलेही तिसऱ्या रविवारी क्रिकेटला जाणारे वगळा.

बजेट या खालच्या आकड्यावर करा. आधी खर्च ठरवून मग वर्गणी मोजणारी शाखा शेवटच्या आठवड्यात त्याच केबिनमध्ये जाते.

पावतीपुस्तक: सगळा खेळ इथं आहे

‘तुझ्या नावानं पावती फाडली’ हे आपल्याकडं चांगल्या अर्थानं म्हणत नाहीत. ते बदलायचं तर पावती नीट फाडा.

पावतीवर नाव, पत्ता, मोबाइल, रक्कम अंकी आणि अक्षरी, रोख की यूपीआय, यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांक, घेणाऱ्याचं नाव आणि सही. देणाऱ्यानं “नाव कशाला, लिही ‘हितचिंतक’” म्हटलं तर नम्रपणे नाव मागा. आयोगाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं देणाऱ्यांची नावं-पत्ते ठेवायचे असतात. सूट आहे ती फक्त जाहीर सभेत झोळीत पडलेल्या किरकोळ रकमांना. दारावरच्या १०० रुपयांना ती लागू होत नाही.

पुस्तकं वाटण्यासाठी वेगळी वही करा. पुस्तक क्रमांक, पावती कितीपासून कितीपर्यंत, कोणाला दिलं, तारीख, सही, परत आल्याची तारीख. एका माणसाकडं एका वेळी एकच पुस्तक. जुनं परत आल्याशिवाय नवं नाही, मग तो शहराध्यक्षाचा मेहुणा असला तरी. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही, ‘रद्द’ लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या.

आमचं सतरा नंबरचं पुस्तक द्वारका चौकातल्या गर्दीत स्कूटरच्या डिकीतून पडलं. पोरगा दोन दिवस बोललाच नाही. शेवटी पोलिसांकडं गहाळ झाल्याची नोंद केली, कोऱ्या पावत्यांचे क्रमांक शाखेच्या फलकावर लावले, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि प्रदेशाला पत्र पाठवलं. त्या पुस्तकावर आधी ज्या चौदा घरांची पावती फाटली होती, त्या प्रत्येक घरी जाऊन रक्कम पुन्हा लिहून घेतली. चौदापैकी बारा घरांनी चहा दिला. एकानं म्हटलं, “पुस्तक हरवलं म्हणून सांगायला आलेला पहिलाच पक्ष.” मुलगा पुढं आमचा सगळ्यात चोख बूथप्रमुख झाला.

कोणाकडून घ्यायचं नाही

सरकारी कंपनीकडून पक्षाला देणगी घेता येत नाही. ओझरची एचएएल असो की नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसची कंपनी, तिथून पक्षनिधी ही कल्पनाच बाद. तिथल्या कामगारांना आणि एकूणच सरकारी, निमसरकारी नोकरांना त्यांचे सेवानियम असतात. राज्य सरकारच्या वर्तणूक नियमांत राजकीय चळवळीला वर्गणी देण्याची मनाई आहे. झेडपीच्या गुरुजींकडं झोळी नेऊन त्यांना अडचणीत टाकू नका. त्यांचं तुमच्यावर प्रेम असेल तर ते मतपेटीत दाखवतील.

परदेशी पैसा चालत नाही. गंगापूर रोडवर दर दुसऱ्या सोसायटीत कोणाचा तरी मुलगा अमेरिकेत असतो आणि त्याला आपल्या शहराचा पुळका असतो. त्याच्याकडं अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तो भारतीय नागरिक, तो देऊ शकतो. तिकडचं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर असेल तर नाही. विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच.

अंबड-सातपूरला जाताना एक फरक लक्षात ठेवा. बोर्डावर ‘इंडस्ट्रीज’ लिहिलं म्हणून ती कंपनी होत नाही. मालकीहक्काचा छोटा शेडवाला स्वतःच्या नावानं, व्यक्ती म्हणून देतो. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याचं १८२ कलम लागतं: कंपनी किमान तीन वर्षं जुनी हवी, संचालक मंडळाचा ठराव हवा, रोख अजिबात नाही. निवडणूक रोख्यांच्या निकालानं अमर्याद देणगीची मुभाही गेली. त्यामुळं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जुनी मर्यादा लक्षात ठेवूनच रक्कम ठरवायला सांगा. ठरावाची प्रत घेतल्याशिवाय पावती देऊ नका.

देवस्थानं, धर्मादाय न्यास, पतसंस्था यांच्या दारात आम्ही जात नाही. तो पैसा भक्तांचा आणि ठेवीदारांचा. आणि महापालिकेचं काम घेतलेल्या ठेकेदाराकडून एक रुपयाही नाही. हा कायदा नाही, आमचा नियम आहे. कुंभमेळ्याच्या कामांनी शहरात ठेकेदारांची रांग लागली असताना तो पाळणं अवघड जातं. पण नगरसेवक झाल्यावर त्याच रस्त्याच्या खड्ड्यावर बोलायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.

कधी मागायचं

पुण्या-मुंबईचं वेळापत्रक इथं चालत नाही. नाशिकचा खिसा पिकावर आणि पाळीवर भरतो.

सिडको, सातपूर, अंबडचा कामगार पट्टा: पगार महिन्याच्या सात ते दहा तारखेला होतो. पवननगर, उत्तमनगरला दहा ते पंधराच्या दरम्यान फिरा. वीस तारखेनंतर जाणं म्हणजे दोघांनाही ओशाळं करणं. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी साडेतीन-चारला घरी येतो, जेवून आडवा होतो, त्याला पाच वाजता उठवलंत तर वर्गणी सोडा, मतही जाईल. साडेसहा बरे. दिवाळीत निवडणूक आली तर बोनस हातात असतो, पण तो घरातल्यांनी आधीच वाटून टाकलेला असतो.

मेन रोड, रविवार कारंजा, सराफ बाजार: दुकानदाराची भवानी झाल्याशिवाय हात पुढं करायचा नाही. सकाळी अकराच्या आत गेलात तर शिव्या मनात बसतात. आणि दिवेलागणीला तर नाहीच, त्या वेळी लक्ष्मी बाहेर जाऊ देत नाहीत. दुपारी बारा ते चार, गिऱ्हाईक पातळ असतं, तेव्हा बसून बोलता येतं.

ग्रामीण भाग हा वेगळाच अभ्यास. निफाड-दिंडोरीत द्राक्षं साधारण जानेवारी ते एप्रिल निघतात, पण व्यापाऱ्याकडून पैसे हातात पडेपर्यंत विषय काढायचा नाही. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धात. कांद्याचं तर विचारू नका. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती ४ मे २०२४ ला उठली आणि आमच्याकडं लोकसभेचं मतदान २० मेला होतं. त्या उन्हाळ्यात लासलगाव, चांदवडकडं वर्गणीचं पुस्तक काढायची आमची छाती झाली नाही. गेलो, ओट्यावर बसलो, ऐकून घेतलं, परत आलो. ज्या मोसमात माणूस भावासाठी रडतोय त्या मोसमात फक्त ऐकायचं, हा नियम तिथं शिकलो.

दारात उभं राहिल्यावर

दोघांनी जायचं, एक बाई आणि एक पुरुष, आणि त्यातला एक तरी त्याच गल्लीतला. चौघं-पाच जण गेले की घरातल्यांना वसुलीला आल्यासारखं वाटतं. गळ्यात पट्टा, हातात अधिकारपत्र, खिशात उघडं पेन.

पहिलं वाक्य पैशाचं नको, पण तिसरं पैशाचंच हवं. दहा मिनिटं विकासावर बोलून मग ओशाळत “काही मदत झाली तर...” म्हणणारे रिकामे परत येतात. आमच्या एका ताईंची पद्धत मी सगळ्यांना शिकवतो:

“काकू, मी मागच्या गल्लीतली. पक्षाची वर्गणी घ्यायला आलेय. आपल्या बूथला पत्रकं आणि मतदानाच्या दिवशी पोरांचा चहा-नाश्ता, एवढा खर्च आपल्याच गल्लीतून काढायचं ठरवलंय. शंभर रुपये द्याल?”

रक्कम सांगायची, आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. कार्यकर्ता घाबरून स्वतःच म्हणतो, “पन्नास दिले तरी चालतील.” नका म्हणू. काकू आत जातील, डबा उघडतील, काकांना विचारतील. त्यांना वेळ द्या.

“तुमच्या नेत्यांकडं काय कमी आहे?” याला उत्तर: “म्हणूनच तुमच्याकडं आलो. त्यांच्या पैशावर लढलो तर त्यांचं ऐकावं लागेल, तुमच्या पैशावर लढलो तर तुमचं.” आणि “आम्ही दुसऱ्या पक्षाचे” असं कोणी म्हटलं तर हसून नमस्कार, वाद नाही. त्या घरची सून कदाचित तुमची असते.

पैशाच्या बदल्यात काही कबूल करायचं नाही. नळ, दाखला, पोराची नोकरी, काही नाही. वर्गणीसाठी देवळात, मशिदीत, चर्चमध्ये उभं राहायचं नाही. प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरायला आचारसंहितेत मनाई आहे, आणि काळाराम मंदिराच्या पायरीवर पावतीपुस्तक शोभत नाही ते वेगळंच.

रोख, क्यूआर आणि भरारी पथक

क्यूआर कोड पक्षाच्या खात्याचाच. आम्ही पहिल्या वेळी घाईत एका कार्यकर्त्याच्या फोन पे नंबरचा कोड छापला. पोरगा सरळ, पण पैसे त्याच्या घरच्या पैशांत मिसळले. त्याच्या कर्जाचा हप्ता त्यातूनच कापला गेला आणि ४,३०० रुपयांचा मेळ घालायला मला तीन रात्री लागल्या. त्याची बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

कार्डाला लॅमिनेशन करून कार्यकर्त्याच्या गळ्यात अडकवा, भिंतीवर चिकटवू नका. भिंतीवरच्या कोडवर कोणीही दुसरं स्टिकर लावू शकतं. पैसे आल्याचा मेसेज खजिनदाराच्या फोनवर दिसला की मगच पावती.

आचारसंहितेत शहराच्या नाक्यांवर भरारी पथकं आणि स्थिर सर्वेक्षण पथकं उभी असतात. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता असलेल्या गाडीत ५०,००० पेक्षा जास्त रोख सापडली तर ती जप्त होऊ शकते. म्हणून आठवडाभराची रोख साठवून सिन्नरहून नाशिकला आणायची पद्धत मोडा. दिवसाची रोख दुसऱ्या दिवशी बँकेच्या जवळच्या शाखेत भरा. आयोगाच्या सूचना आठवड्याची मुदत देतात, आम्ही एका दिवसाची ठेवतो. पैसे नेताना अधिकारपत्र, पावत्यांची यादी आणि बँकेची भरणा स्लिप सोबत असली की पथकातले कर्मचारीही दोन मिनिटांत सोडतात, त्यांनाही उन्हाचा कंटाळा आलेला असतो.

पैसा नसेल तर वस्तू, पण किंमत लिहून

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये माणसं आपापलं धान्य घेऊन चालली होती. लोकनिधीचा तो सगळ्यात साधा प्रकार: ज्याच्याकडं जे आहे ते. निवडणुकीतही कोणी गाडी देतं, कोणी मांडव, कोणी मिसळीचा हंडा.

फरक एवढाच की उमेदवाराच्या प्रचारात वापरलेल्या वस्तूची किंमत त्याच्या खर्चात धरतात. जिल्हा निवडणूक अधिकारी चहा, नाश्ता, खुर्ची, मांडव, गाडी, सगळ्यांची दरसूची काढतात. ती सुरुवातीलाच आणा. फुकट मिळालेल्या शंभर खुर्च्या वहीत दरसूचीच्या भावानं लिहा आणि देणाऱ्याचं नाव लिहून सही घ्या. नाहीतर खर्च निरीक्षकाच्या नोंदीत खुर्च्या असतात आणि तुमच्या वहीत नसतात.

उत्साही हितचिंतकांना आवरा. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय कोणी त्याच्यासाठी सभेचा किंवा जाहिरातीचा खर्च केला तर तो गुन्हा ठरतो. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, वर्गणीच्या आवाहनाचं पत्रक असलं तरी.

हिशेबाची फेरी

रोज रात्री रोजमेळ. कितीही वाजोत, स्थळप्रती, रोख आणि बँकेचे मेसेज या तिन्हींची बेरीज जुळल्याशिवाय दिवा बंद करायचा नाही. उमेदवाराच्या नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची आणि पिवळी बँकेची असतात. प्रचाराच्या काळात ती तीनदा तपासणीला न्यावी लागते. पहिल्या तपासणीला नवखा खजिनदार थरथरतो. दुसऱ्यापासून अधिकारीच चहा विचारतात.

शाखेच्या फलकावर दर सोमवारी खडूनं चार ओळी: मागचा आठवडा जमा, खर्च, शिल्लक, एकूण देणारे. नावं नाहीत, आकडे. हाच मजकूर बूथच्या ग्रुपवर. आमच्या अनुभवात दुसऱ्यांदा देणारे निम्म्याहून जास्त लोक हा फलक वाचणारे होते.

मतदान झालं की सगळे झोपतात. खजिनदारानं झोपायचं नाही. उमेदवाराचा तीस दिवसांचा हिशेब, पक्षाकडं जाणारी यादी, उरलेल्या पुस्तकांची परती. आणि एक काम, जे कोणीच करत नाही: ज्या घरांतून पावती फाटली तिथं एका पानाचा छापील हिशेब नेऊन द्यायचा. हरलो असलो तरी, किंबहुना तेव्हाच.

गेल्या वेळी आम्ही पडलो. इंदिरानगरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका आजींना ते पान दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटची ओळ वाचली, “शिल्लक एवढीच?” म्हणाल्या आणि आत जाऊन शंभराची नोट घेऊन आल्या. माझ्याकडं पावतीपुस्तक नव्हतं. नोट परत त्यांच्या हातात ठेवून जिने उतरलो, घरून पुस्तक घेतलं आणि पुन्हा चढलो. आता हिशेबाच्या फेरीलाही एक कोरं पुस्तक पिशवीत असतं.